भिंत खारी का झाली? गोव्यातल्या एका कृषिविज्ञान इमारतीचं प्रकरण

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन आठवडा झाला होता आणि त्या आठवड्यात पावसाचा थेंबही पडला नव्हता. तरी बियाणेखोलीचं दार उघडलं तेव्हा पूर्वेकडची भिंत ओली होती. नुसता डाग नव्हता. हात टेकवला तर तळव्याला पाणी लागत होतं. भिंतीलगतच्या लोखंडी मांडणीवर कापडी पिशव्यांत कोरगुट भाताचं बियाणं ठेवलेलं. खालच्या दोन फळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई पसरून गावांची नावं पुसट झाली होती. एक पिशवी उचलली, तर तिच्या तळाला हिरवट बुरशी.

मी मृदाशास्त्र शिकवते. बियाणं हा माझा विषय नाही आणि इमारती तर नाहीतच. पण त्या वर्षी या इमारतीशी संबंधित दोन कामं माझ्याकडे आली. संस्थेच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेसाठी 'कृषिविज्ञान इमारतीचा इतिहास' चार पानांत लिहायचा होता, आणि दुरुस्ती समितीवर विभागाची प्रतिनिधी म्हणून बसायचं होतं. दोन्ही कामांच्या फायली वेगळ्या, बैठका वेगळ्या. पुढे त्या एकाच टेबलावर उघडाव्या लागल्या. ते कसं घडलं, ते या प्रकरणात लिहिलं आहे. संस्थेचं नाव देत नाही. विद्यापीठाशी संलग्न, तिसवाडी तालुक्यातली, खाडीपासून फार लांब नसलेली संस्था, एवढं पुरेसं आहे.

दुरुस्तीचा प्रस्ताव

इमारत बैठी आहे. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, मध्ये लांब वर्गखोली, एका टोकाला माती प्रयोगशाळा, दुसऱ्या टोकाला कार्यालय. पूर्वेच्या बाजूला, इमारतीच्या पूर्ण लांबीइतकी अरुंद बियाणेखोली. ओल फक्त याच खोलीत.

प्रस्तावात कारण एका ओळीत दिलं होतं: छप्पर गळती. उपायही तेवढाच सरळ. कौलं आणि वासे उतरवायचे, सिमेंटचा स्लॅब टाकायचा, वर जलरोधक थर द्यायचा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इमारतीवर आंब्याच्या फांद्या आलेल्या, कौलं जुनी. मलाही ते पटलं होतं. पाहणीला आलेल्या माणसाकडे दोन सुया असलेलं ओल मोजायचं यंत्र होतं. भिंतीत सुया टोचल्या की ते वाजायचं. पूर्वेच्या भिंतीवर जिथे टोचलं तिथे ते वाजलं आणि अहवालात 'भिंत संपृक्त', म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली, असा शेरा आला. त्या यंत्राबद्दल पुढे सांगते.

एक गोष्ट मात्र खटकत होती. छप्पर गळत असेल तर भिंतीचा माथा ओला हवा. इथे माथा कोरडा होता, कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवर पाण्याचा ओघळ नव्हता, आणि सगळ्यात जास्त ओल कमरेच्या उंचीवर होती.

इतिहासाचं काम

पुस्तिकेच्या समितीकडे इमारतीच्या जन्माची दोन सालं होती. एक दर्शनी भिंतीवरच्या संगमरवरी फलकावर, ऐंशीच्या दशकातलं. दुसरं समितीतल्या एका उत्साही सहकाऱ्याने शोधलेलं: १८६५. वाऱ्याने पडलेल्या एका कौलाच्या पोटाशी ते कोरलेलं होतं. दीडशे वर्षं जुनी वास्तू आपल्याकडे आहे, या कल्पनेने सगळे हरखले होते. त्यांचा उत्साह मोडायला मला जड गेलं. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली सुरू केला आणि तो आकडा कारखान्याच्या ठशाचा भाग होता. कौल केव्हा भाजलं हे त्यावरून कळत नाही, मग इमारत केव्हा उभी राहिली हे कुठून कळणार?

फलकाचंही तसंच. फलक लागतो तो नामकरणाला, नाहीतर उद्घाटनाला. इमारत बांधली जाते पैशाने आणि मजुरीने, आणि त्यांचा माग बिलांत असतो. म्हणून मी भांडारातल्या लोखंडी कपाटाची किल्ली मागितली. आत डेडस्टॉक रजिस्टरं, बांधकामाच्या मोजमापांची मेजरमेंट बुकं, मातीच्या नमुन्यांच्या नोंदवह्या आणि सुतळीने बांधलेले बिलांचे गठ्ठे होते. निम्म्या कागदांवर तारीख नाही, नाहीतर तारखेचा कोपरा वाळवीने खाल्लेला. तेव्हा तारखेशिवाय काळ कसा ओळखायचा, याची युक्ती शोधावी लागली.

गोव्यात ती युक्ती सापडते, कारण इथे सत्ता बदलली तसं चलन बदललं आणि शिक्के बदलले. पोर्तुगीज अमलात इथलं चलन रुपिया होतं. १९५८ साली त्याच्या जागी एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो या भावाने. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला. म्हणजे बिल रुपियांत असेल तर ते १९५८ च्या आधीचं, एस्कुदोत असेल तर त्या मोजक्या तीन-चार वर्षांतलं. मुक्तीनंतर शिक्क्यावर 'गोवा, दमण आणि दीव' अशी तिन्ही नावं असत. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झालं आणि शिक्क्यात एकटा गोवा उरला. आणखी एक बारीक खूण पिनकोडची. देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. दुकानदाराच्या बिलाच्या माथ्यावर ४०३ ने सुरू होणारा आकडा छापलेला असेल तर ते बिल त्यानंतरचंच.

या चाळणीतून गठ्ठे काढले आणि इमारत हळूहळू समोर आली. सर्वांत जुना कागद रुपियांतला, चुन्याच्या खरेदीचा. पोर्तुगीज मला वाचता येत नाही. शेजारच्या वाड्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात, त्यांचं शिक्षण पोर्तुगीज शाळेत झालेलं. त्यांनी चष्मा पुसून कागद उजेडात धरला आणि बोट ठेवत वाचलं: 'आर्माझें', 'सेमेंतिश', 'वारांदा'. गोदाम, बियाणं, आणि तिसरा शब्द आम्हा दोघांनाही समजावून सांगावा लागला नाही. इमारतीचा जन्म बियाण्याच्या गोदामाचा होता आणि तिच्या पूर्वेला उघडा व्हरांडा होता.

दुसरा महत्त्वाचा कागद एस्कुदोतला, कौलांचा. म्हणजे आजचं छप्पर १९५८ ते १९६१ या काळात घातलेलं. तिसरा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा: चिरे, सिमेंट आणि दोन खिडक्यांच्या चौकटींचं बिल, माथ्यावर पिनकोड, खाली 'गोवा, दमण आणि दीव'चा शिक्का. १९७२ आणि १९८७ यांच्या मधलं. मेजरमेंट बुकातल्या नोंदीशी ते जुळलं. नोंद होती व्हरांडा बंद करण्याची. खांबांच्या मधल्या जागा चिऱ्यांनी भरल्या, आतून सिमेंटचा गिलावा केला. जिला आम्ही बियाणेखोली म्हणतो, तो मुळात व्हरांडा होता, आणि ओली होते ती मूळ इमारतीची पूर्वेची भिंत.

फलकावरचं साल बहुधा याच कामाच्या समाप्तीचं असावं. पुस्तिकेपुरता माझा प्रश्न इथे सुटला होता. ओलीचा प्रश्न मात्र इथून पुढे सुरू झाला.

मामा

आमचे निवृत्त प्रयोगशाळा मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पेन्शनच्या कामासाठी अधूनमधून येतात. त्या दिवशी मी त्यांना थेट बियाणेखोलीत नेलं आणि विचारलं, "मामा, ही भिंत कधीपासून अशी ओली होते?"

त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं आणि बोटाचं टोक जिभेला लावलं. मी अडवायच्या आत.

"पावस नासलो तरी ती घामेता," ते म्हणाले. "ती खारी आसा, बाय."

मग त्यांनी व्हरांडा दाखवला, म्हणजे तो जसा त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला होता तसा. इथे मातीचे नमुने वाळत घालायचे. मातीचा नमुना उन्हात वाळवत नाहीत, सावलीत वाळवतात. मग लाकडी हातोडीने कुटायचा आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचा. उघडा, वारा खेळणारा, सावलीचा व्हरांडा त्यासाठी अगदी योग्य. भिंतीलगत कमरेइतका ओटा होता. त्यावर जुने कागद अंथरायचे आणि ओळीने चिखलाचे ढीग मांडायचे. बहुतेक नमुने खाजनातले.

"आणि ओट्याच्या या टोकाला कुंड्या," ते म्हणाले. कोरगुटाच्या. किती खारं पाणी सोसतं, ते पाहण्यासाठी खाडीचं पाणी कॅनमधून आणून कुंड्यांना घालायचं. कुंडीच्या बुडातून झिरपलेलं पाणी ओट्यावर, ओट्यावरून भिंतीच्या सांध्यात. किती वर्षं? मामांनी हिशेब केला नाही. "माझं लग्न झालं तेव्हा होत्या, मुलगी शाळेत गेली तेव्हाही होत्या," एवढंच सांगितलं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. वीस लिटरचा एक कॅन म्हणजे सातशे ग्रॅम. खाडीचं पाणी पावसाळ्यात गोडं होतं, पण मे महिन्यात मुखाजवळ ते जवळपास समुद्रासारखंच असतं. असे कॅन वर्षानुवर्षं एकाच भिंतीशी रिते झाले होते.

एवढे खारे नमुने का आले?

या टप्प्यावर मला इमारत सोडून थोडं बाहेर जावं लागलं, आणि वाचकालाही नेते, कारण भिंतीतलं मीठ तिथून आलं आहे.

खाजन म्हणजे खाडीच्या भरतीखाली गेलेली जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन धरली जाते, आणि ही पद्धत पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. मातीचा आणि चिऱ्याचा बांध, त्यात लाकडी झडपांची मानस, आत पाणी साठवणारी पोंय. भरतीला मानस आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं जादा पाणी बाहेर जातं. पावसाळ्यात पहिल्या सरी मातीतलं मीठ धुऊन नेतात, मग कोरगुट, आसगो यांसारखं खारं सोसणारं भात पेरतात. उन्हाळ्यात पाणी वर चढून सुकतं आणि जमिनीवर पांढरी साय धरते. मृदाशास्त्रात मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता (मीठ जितकं जास्त तितकी ती जास्त) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात. सर्वसाधारण भात ३ च्या पुढेच उत्पादन घटवू लागतं. कोरगुटाची किंमत त्यामुळे कळते.

हे सगळं चालत होतं ते गावकरीच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या कोमुनिदादीच्या व्यवस्थेवर. बांध कोणी बांधायचा, मानस कोणी सांभाळायची, फुटला तर रातोरात कोणी धावायचं, हे ठरलेलं असे. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा हक्क मिळाला. तो न्याय होता, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. माझ्या आजोळी तोच कायदा घरात भात घेऊन आला. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कूळ संघटनांकडे जाताना ती बऱ्याच ठिकाणी मधेच निसटली. त्याच काळात मांडवी आणि जुवारीतून खनिजाच्या बार्जी सतत ये-जा करत, त्यांच्या लाटांनी बांध ढासळत. बांध फुटला की शेतात भरती शिरे आणि पुढची काही वर्षं पीक येत नसे. मग शेतकरी पिठाच्या पिशवीत, डालड्याच्या डब्यात माती घेऊन येई आणि विचारी, यात काय पेरू?

आमच्या नमुना नोंदवह्यांत हे दिसतं. गावांचे रकाने पाहत गेलं की चोडण, दिवाडी, कुंभारजुवे ही नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि काही पानांवर एकाच गावाचे नमुने सलग पानभर. सलग पान म्हणजे त्या मोसमात बांध फुटला असावा. शेरा रकान्यात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं एकच वाक्य: 'क्षारता जास्त, पावसाळ्यात निचरा करावा.' तो सारा चिखल व्हरांड्यातल्या ओट्यावर सुकला. मृद आरोग्य पत्रिकेची योजना देशात २०१५ साली आली. त्याच्या कितीतरी आधी त्या शेतकऱ्यांची मृद आरोग्य पत्रिका आमच्या व्हरांड्याच्या भिंतीत लिहिली जात होती.

तेव्हा शेतीचं पदवी शिक्षण गोव्यात नव्हतं. गोवा विद्यापीठ १९८५ साली स्थापन झालं, पण शेतीची पदवी देणारं पहिलं महाविद्यालय उघडायला २०१५ उजाडलं, केपे तालुक्यात सुळकर्णे इथे. मी स्वतः दापोलीला शिकले. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र, जे आज जुन्या गोव्यात एला इथे आहे, गोव्यात १९७६ पासून होतं आणि खाजनासाठी गोवा धान या मालिकेतले वाण पुढे तिथूनच आले. त्या काळात आमच्यासारख्या लहान इमारतींत संशोधन हा शब्द कोणी उच्चारतही नव्हतं, पण कुंड्या भरत होत्या, नोंदी होत होत्या. पुस्तिकेत जो इतिहास यायला हवा होता तो हा, असं मला त्या नोंदवह्या वाचताना तीव्रतेने वाटलं.

भिंतीची चाचणी

मामांची जीभ हा पुरावा समितीपुढे ठेवता येत नव्हता. आमच्याकडे मातीची प्रयोगशाळा होती. मातीला जे करतो तेच भिंतीला करायचं ठरवलं.

पूर्वेच्या भिंतीवर तीन उभ्या रेषा आखल्या: उत्तर टोक, मध्य, दक्षिण टोक. प्रत्येक रेषेवर तीन उंच्या: जमिनीपासून वीतभर, कमरेइतकी, डोक्याच्या वर. अशी नऊ ठिकाणं. दहावं ठिकाण आतल्या वर्गखोलीच्या भिंतीवर, तुलनेसाठी. विद्यार्थिनींनी पटाशीने गिलाव्याखालचा चुरा खरवडला, ओव्हनमध्ये सुकवला, दहा ग्रॅम तोलून पन्नास मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळला, गाळला. आधी विद्युत वाहकता मोजली. मग क्लोराइडसाठी पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन. पिवळं द्रावण विटकरी व्हायला जितकं सिल्व्हर नायट्रेट जास्त लागेल तितकं क्लोराइड जास्त.

वर्गखोलीच्या नमुन्याला ब्युरेटची, म्हणजे मापाच्या नळीची, तोटी उघडली-न-उघडली तोच रंग बदलला. दक्षिण टोकाच्या कमरेवरच्या नमुन्याला मुलगी ओतत राहिली, ओतत राहिली, ब्युरेट रिकामी झाली, पुन्हा भरली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, माझं काहीतरी चुकतंय." तिचं काही चुकत नव्हतं. मामांनी कुंड्या जिथे दाखवल्या होत्या, ते हेच ठिकाण.

आकृती अशी उमटली: डोक्याच्या वरच्या तिन्ही ठिकाणी मीठ नगण्य, म्हणजे वरून काही येत नव्हतं. वीतभर उंचीवर तिन्हीकडे मध्यम आणि सारखं, म्हणजे जमिनीतून थोडी ओल चढत होती, पण ती मुख्य नव्हती. कमरेवर उत्तरेला कमी, मध्याला जास्त, दक्षिणेला सर्वांत जास्त. जमिनीतून चढणारं पाणी असं एका ओट्याची उंची पाहून थांबत नाही.

शेवटचा प्रश्न राहिला: पाऊस नसताना पाणी येतं कुठून? दक्षिण टोकाचा चिऱ्याचा कपचा आणि वर्गखोलीचा कपचा, दोन्ही १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवले आणि मिठाच्या संपृक्त द्रावणावर बंद डेसिकेटरमध्ये ठेवले. अशा डब्यातली हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर राहते. पाण्याला कोणताही कपचा शिवत नव्हता. दोन दिवसांनी झाकण काढलं तर वर्गखोलीचा कपचा कोरडा होता. व्हरांड्याचा काळवंडला होता आणि त्याचं वजन वाढलं होतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं असतात, ती याहूनही कमी आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून विरघळतात. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास विरघळू लागतं. पावसाळ्यात आमच्याकडची हवा आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते. भिंत हवेतून पाणी पीत होती.

ते सुयांचं यंत्रही यात उलगडलं. ते दोन सुयांमधली विद्युत वाहकता मोजतं. भिंतीत मीठ असलं की ते वाजतं, भिंत कोरडी असली तरीही.

आणि सिमेंट. व्हरांडा उघडा होता आणि भिंतीला चुना होता तोपर्यंत मीठ वर येऊन पांढरं फुटायचं, मामा ते झाडूने झाडायचे. चुना दरवर्षी मारत, तो श्वास घेई. खोली बंद झाली, वारा गेला, वर घट्ट सिमेंट आलं. मीठ आतच स्फटिक धरू लागलं आणि गिलावा फुगून पापुद्र्यांनी सुटू लागला. दर काही वर्षांनी 'गिलावा दुरुस्ती'ची नोंद मेजरमेंट बुकात आहे, प्रत्येक वेळी सिमेंटचीच, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी मोठी. ज्या भिंतीशी वीस कॅन नव्हे, वर्षांचे कॅन ओतले गेले, तिच्यापाशी कोरगुटाचं बियाणं ठेवायचा निर्णय ज्याने घेतला त्याला व्हरांड्याची गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

निर्णय

समितीची बैठक दीड तास चालली. स्लॅबच्या बाजूचा मुद्दा रास्त होता: निधी या वर्षाचा आहे, खर्च झाला नाही तर परत जाईल. मी दोन कपचे एका बशीत घेऊन गेले होते. ते हातोहात फिरले. अध्यक्षांनी काळा कपचा बोटात धरला, बोट ओलं झालं. ते पाहून त्यांनी विचारलं, "स्लॅब टाकला तर हे थांबेल?" कोणी हो म्हणू शकलं नाही. स्लॅब रद्द झाला. कौलं शाकारणं आणि आंब्याच्या फांद्या छाटणं तेवढं ठेवलं.

मग काय करायचं, यावर मात्र एकमत नव्हतं. भिंतीचा भाग पाडून नवे चिरे लावावेत असं एकाचं म्हणणं. माझं म्हणणं होतं की व्हरांडा पुन्हा उघडावा आणि बियाणं तिथून हलवावं. बियाण्याच्या बाबतीत वाट पाहण्यासारखं काही नव्हतं. बियाण्याची ओल एक टक्क्याने घटली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणेशास्त्रातला नियम आहे, आणि तो उलटही चालतो. साध्या पिशवीत भाताच्या बियाण्याची ओल १३ टक्क्यांच्या आत हवी. खालच्या फळीवरच्या पिशव्या त्याच्या बऱ्याच वर होत्या.

शेवटी ठरलं ते असं. बियाणं वर्गखोलीच्या आतल्या कोठडीत, हवाबंद डब्यांत, सुकवून. बियाणेखोलीच्या दोन खिडक्या काढून तिथे लाकडी जाळी, वारा आरपार. सिमेंटचा गिलावा डोक्याच्या उंचीपर्यंत पूर्ण काढायचा. कागदाच्या लगद्यात ऊर्ध्वपातित पाणी घालून तो भिंतीला थापायचा, सुकला की काढायचा, पुन्हा ताजा थापायचा. लगदा सुकताना भिंतीतलं मीठ ओढून घेतो. शेवटी चुन्याचा मऊ गिलावा, जो झिजेल हे गृहीत धरून.

चुन्याचं काम करणारा गवंडी मिळायला दोन महिने गेले. तरुण गवंड्यांना सिमेंट येतं, चुना येत नाही. जो मिळाला त्याने चुना भिजत घालण्यासाठी आणखी तीन आठवडे मागून घेतले आणि मी ते दिले.

लगदा तीनदा थापला. प्रत्येक वेळी सुकलेला लगदा भिजवून वाहकता मोजली, ती उतरत गेली, तिसऱ्या वेळी फारशी उतरली नाही. म्हणजे वरवरचं मीठ आलं, खोलवरचं आत आहे. खरवडलेला चुरा आणि लगदा बागेच्या वाफ्यात टाकायचा नाही, असं मी आधीच बजावलं होतं. मामांनी तो पोत्यांत भरून ओहोटीच्या वेळी खाडीवर नेला.

एका पावसाळ्यानंतर

जूनच्या पहिल्या दमट दिवसांत भिंतीवर पुन्हा काळसर छाया आली, मध्याला कमी, दक्षिणेला जास्त. हात टेकवला तर गारवा लागतो, पाणी लागत नाही. दक्षिण टोकाच्या चुन्यावर पांढरी फूट आहे, ती आठवड्याला झाडतो. चुन्याच्या गिलाव्याने हेच करावं अशी अपेक्षा होती. चार-पाच वर्षांनी त्या टोकाचा गिलावा बदलावा लागेल, तशी तरतूद मागून ठेवली आहे.

बियाण्याचं नुकसान भरून आलं नाही. भिजलेल्या पिशव्यांतलं बियाणं ओल्या कागदात गुंडाळून शंभर-शंभरच्या चार गटांत उगवण चाचणी केली. भाताच्या प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. खालच्या फळीवरची एकही पिशवी तिथवर पोचली नाही, काहींत तर एकही मोड आला नाही. चिठ्ठ्या पुसल्या गेल्यामुळे कोणत्या गावचं बियाणं गेलं तेही खात्रीने सांगता येईना. मग आम्ही नमुना नोंदवह्या पुन्हा काढल्या, कारण बियाणं देणारे शेतकरी बहुतेक माती तपासायला आलेलेच होते. गावांची यादी केली आणि दोन विद्यार्थिनी फेरीबोटीने गेल्या. तीन घरांत कोरगुट अजून पेरतात. एका आजींनी भांडारातल्या मडक्यातून पायलीभर काढून दिलं आणि विचारलं, मागच्या वेळी नेलं होतं त्याचं काय केलंत? मुलींनी जे झालं ते सांगितलं. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, यंदा भिंतीपासून लांब ठेवा.

पुस्तिका छापून आली. चारऐवजी सहा पानं घेतली. फलकाचं साल त्यात आहे, त्याखाली चुन्याचं रुपियांतलं बिल आहे आणि चोडणच्या नमुन्यांनी भरलेल्या एका पानाचं छायाचित्र आहे.

पूर्वेच्या भिंतीवरची नऊ ठिकाणं तशीच ठेवली आहेत. खुणा खडूने केल्या असत्या तर चुन्याच्या पुढच्या हातात गेल्या असत्या, म्हणून पितळी खिळे ठोकले. यंदा चवथीनंतरच्या आठवड्यात त्याच ठिकाणी पुन्हा खरवडायचं आहे, आणि ब्युरेटशी तीच मुलगी उभी राहणार आहे. तिचं हे शेवटचं वर्ष.